दुरुस्ती चालू आहे

अण्णा नगर, चेन्नई
४ जुलै २०२५

चि. अदितीस,
पुरुषोत्तमकाकाचे अनेक आशीर्वाद.

दादाची साखर आटोक्यात आहे ना? चोरून श्रीखंड खात असेल तर मला कळव. वहिनीचा गुडघा कसा आहे? जावईबापू संकेतरावांची पाठ? आणि तुझा खोकला? खडूची धूळ खाऊन उगाच आजार ओढवून घेऊ नकोस. इकडे कमलिनीकाकू ठीक. मी ठीक, पण चिडलेला. फोनवर निम्मं ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच सांगतो.

तुझ्या तंत्रनिकेतनातल्या मुलांना उपग्रहावरून जागा कशी कळते ते शिकवणारा प्रोग्राम तू तपासायला पाठवलास. संगणक मी आपला आपणच शिकलो, तेव्हा म्हटलं बघू. तर उघडला की रत्नागिरीचा धक्का दिसतो, एक बोट दिसते आणि वर हिरवी पट्टी येते: "दुरुस्ती चालू आहे." सकाळी बघावं तर दुरुस्ती, जेवून बघावं तर दुरुस्ती. कॉफी करून आलो, तरी तेच. न्हावीसुद्धा थांबायला सांगितलं की हातात पेपर देतो. हे लोक नुसते ताटकळत ठेवतात. शेवटी बंद करून टाकला.

तुझा,
काका


रत्नागिरी
१२ जुलै

ती. काकांस,
अदितीचा शि. सा. नमस्कार.

बाबांनी श्रीखंड खाल्लं, पकडले गेले आणि आता माझ्याशी बोलत नाहीत. आईचा गुडघा बरा आहे. संकेतची पाठ मात्र काम सांगितलं की लगेच दुखते. माझा खोकला गेला.

काका, वर्गातही तेच झालं. मुलं पट्टी वाचतात आणि बंद करून घरी जातात. कंपनीला मेल केला, तर उत्तर आलं की सगळं सुरळीत आहे. प्राचार्य म्हणतात, मराठीचा हट्ट तुमचाच होता, आता इंग्रजी घ्या. पण गेल्या वर्षी याच विषयावर मुलांनी इंग्रजी उत्तरं घोकून लिहिली आणि त्यातलं एक वाक्य कुणाला सांगता आलं नाही. उद्या हीच मुलं बोटींवरची यंत्रं बसवणार. मराठी आवृत्ती ठेवायची की नाही, ते कंपनी महिनाअखेर ठरवणार आहे. त्यांचं ऑफिस तुमच्याच चेन्नईत, पेरुंगुडीला आहे. तुम्ही एकदा जाऊन याल का? फक्त भांडू नका. मागे गॅसवाल्याशी भांडलात, तेव्हापासून तो सिलिंडर जिन्याखालीच ठेवून जातो, असं काकू सांगत होती.

आपली,
अदिती


अण्णा नगर
१९ जुलै

चि. अदितीस आशीर्वाद.

गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू? मराठी करणारी मुलगी भेटली, श्रीविद्या. तंजावरकडच्या मराठी घरातली. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी, पण बोलण्याची चाल तमिळ. मला मामा म्हणाली, कॉफी पाजली. मी विचारलं, ही तुमची दुरुस्ती संपणार कधी? तर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मामा, ती संपून कसं चालेल? दुरुस्ती बंद पडली तर बोट खडकावर जाईल."

मग उलगडा झाला. उपग्रहाचा संदेश वरच्या हवेतून येताना रेंगाळतो, म्हणून जागा काही मीटर चुकते. जमिनीवरच्या केंद्रांना स्वतःची खरी जागा ठाऊक असते. किती चुकतंय ते ती मोजतात आणि दुसऱ्या उपग्रहामार्फत सगळ्यांना कळवतात. आपल्या देशाच्या या यंत्रणेचं नाव गगन. ती पट्टी म्हणजे चूक काढण्याचं काम चोख चाललंय याची खूण! आपण समजलो बिघाड. 'लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी श्रीविद्येनं मराठीत कधी वाचलेलीच नाही. तिच्या आयुष्यातल्या पाट्या सगळ्या तमिळ. तिच्यावर रागवावं तरी कसं?

राग आला तो तिच्या साहेबाचा. म्हणे, मराठी मुलं पहिल्याच पडद्यावरून परत जातात, त्यांना शिकण्यात रस नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तुझी आठवण ठेवून कॉफी प्यायलो.

मी शब्द सुचवलाय, 'पासंग'. जॉर्ज टाउनच्या पेढीवर आम्ही मिरची तोलायच्या आधी रिकामी पारडी बघायचो, जड असेल त्याच्या समोरच्यात खडा टाकायचो. हुबेहूब तेच! श्रीविद्येला आवडला. मुलांना विचारून कळव.

काका


रत्नागिरी
२७ जुलै

ती. काकांस सा. नमस्कार.

रागावू नका. पासंग वर्गात कुणालाच कळला नाही. एकीनं विचारलं, पासवर्डसारखं काही आहे का. इथे मासळीसुद्धा आकड्यांच्या काट्यावर तोलतात. मग मी अर्थ समजावला आणि म्हटलं, तुम्हीच सांगा. तर सगळे म्हणाले, "चूक वजा केली." श्रीविद्यानं दोन दिवसांत तेवढं बदलून दिलं.

काल पुन्हा लावला. वजाबाकी बंद केली की बोट धक्क्यावरच्या रस्त्यात चढते, सुरू केली की पाण्यात उतरते. तासाची घंटा झाली तरी कुणी उठेना. प्राचार्य दारात उभे राहून बघत होते. आता सगळं तुमच्या त्या साहेबाच्या हातात आहे. मला झोप नाही.

अदिती


अण्णा नगर
५ ऑगस्ट

चि. अदितीस अनेक आशीर्वाद.

आधी गोड बातमी. साहेबानं मराठीला वर्षभराची मुदत दिली. मुलं अख्खा तास बसली हे त्याला त्याच्या यंत्रातच दिसलं. माझ्या तोंडच्या सांगण्याला तिथे कोण विचारतो?

आता माझं दुखणं. सगळे शब्द तपासायला त्यांनी मलाच बसवलंय. उपग्रहाचा आकडा विश्वास ठेवण्याजोगा राहिला नाही, तर यंत्रानं वेळीच इशारा द्यायचा असतो. त्या गुणाला इंग्रजीत 'इंटेग्रिटी' म्हणतात, म्हणून यांनी नाव दिलंय 'उपग्रहाची सचोटी'. त्या बिचाऱ्यानं काय लाच खाल्ली होती? दोन दिवस डोकं आपटतोय. श्रीविद्या म्हणते, कोशात तसंच आहे मामा.

मला 'भरवसा' बरा वाटतो. पण पासंगानं शहाणा झालोय. मुलांना विचारल्याशिवाय आता एक अक्षर पुढे करणार नाही. दादा-वहिनींना नमस्कार, संकेतरावांच्या पाठीला आराम. काकाची आठवण असू दे. आणि या पत्राला उलटटपाली उत्तर लिही गं. तू उशीर केलास, तर हे लोक उपग्रहाला शपथ घ्यायला लावतील.

तुझा,
पुरुषोत्तमकाका