कोऱ्या सुताचा पांढरा

आप्पा, तुमच्या मागाच्या जागेवर आम्ही बाथरूम बांधलं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, माग विकून त्याहून जास्त, तरी वडगावच्या घरातल्या त्या कोपऱ्याला आई अजून मागाची जागाच म्हणते. मी जन्मभर पोस्टात नोकरी केली, पत्ता नसलेल्या पत्रांचं काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे, तरीही लिहायला बसले आहे.

परसातल्या न्हाणीकडं जाताना आई दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. घरात बाथरूम करायचं तर तेवढाच कोपरा मोकळा होता, पाच फूट बाय चार. गवंड्यानं फरशी उखडली तर खाली माती भुसभुशीत लागली आणि उकरता उकरता तुमचा खड्डा निघाला, ज्यात पाय सोडून तुम्ही मागावर बसायचा. तळाशी चोपून बसवलेल्या जमिनीत दोन खळगे होते, पायानं पावड्या दाबताना तुमच्या टाचा टेकायच्या तिथं. मी खाली उतरून त्यांत माझ्या टाचा ठेवल्या. नीट बसल्या. नुसत्या टाचांनी माणूस जमिनीवर एवढं लिहून जातो, हे मला खरं वाटेना. गवंडी चहा पिऊन येईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.

आईनं मात्र हट्ट धरला. "रोज सकाळी मागाला हात लावून कपाळाला लावत हुतो आमी, आन् तितं आता मी चूळ थुंकू व्हय गं?" टाइल्स लागल्या, नळाला पाणी आलं, आणि ही बाई प्लास्टरातला हात सांभाळत परसातच जात राहिली. मी समजावलं, रागावले, एक दिवस बोलायचं बंद केलं. तिसऱ्यांदा घसरली तर ही उठायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बेसिन आणि त्याच्या खालचं कपाट तेवढं बसवायचं राहिलं होतं. म्हटलं, ते तू पसंत कर, मग बघू.

खडेबाजारातल्या दुकानात गेलो. त्या कपाटाला हल्ली व्हॅनिटी म्हणतात, आप्पा. नाव मोठं आणि वस्तू दोन दारांची. दीड फुटाहून रुंद घेतलं तर बाथरूमचं दार अडणार, खाली पाय असले तर पुसताना आई वाकणार, म्हणून भिंतीला टांगायचं ठरवलं. माप ठरलं, पण रंग ठरेना. पहिलं झगझगीत पांढरं दाखवलं तर आई म्हणाली, "ह्ये दवाखान्यातलं दिसतंय." लाकडी रंगाचं दाखवलं तर तिला ते अंधारं वाटलं. दुकानदार शेवटी कंटाळला आणि त्यानं काउंटरवर नमुन्याच्या तीन फळ्या मांडल्या. "तिन्ही व्हाईटच हायत, आक्का. फरक काय न्हाय. कंचंबी घ्या."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "फरक नाही कसा? डावीकडचा धुवट आहे, मधला दुधाळ, आणि हा उजवीकडचा कोरा." त्यानं फळ्या उलटून मागची चिठ्ठी वाचली. उजवीकडच्या फळीवर अँटिक व्हाईट असं लिहिलं होतं. "तुमी मागचं वाचलासा काय?" त्यानं विचारलं. आईनं चांगल्या हाताची बोटं त्या फळीवरून फिरवली, सुताची लडी तपासावी तशी. "कोरंच हाय," ती म्हणाली, "न धुतलेल्या सुताचं. ह्ये बसवा तितं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुला दिसतंय की गं." ती कुठल्या दिवसाबद्दल बोलते आहे ते मला कळलं.

त्या दिवशी मी अकरा वर्षांची आहे. निपाणीचा मामा मला न्यायला आलाय आणि संध्याकाळची गाडी गाठायची आहे. तुमच्या मागावर कोऱ्या अंगाचं, हिरव्या काठाचं लुगडं आहे आणि त्याच्या कांड्या भरायचं, लडीतलं सूत रहाटावर कांडीला गुंडाळायचं काम माझं. लडी संपते. मी दुसरी सोडते, खिडकीपाशी बसून भराभरा भरते, कांड्यांची टोपली तुमच्याजवळ ठेवून पळते. चार दिवसांनी परत येते तर मागावरचं लुगडं उलगडून तुम्ही दारातल्या उजेडात बसलेले. हिरव्या काठांच्या मधोमध वीतभर पट्टा वेगळाच, जरा उजळ. तुम्ही दिव्यावर विणलं होतं, कांडी न बघता धोट्यात घातली होती, कारण भरलेली माझी होती.

"ह्या दोन लड्या येगळ्या हुत्या. तुला दिसलं न्हाय व्हय गं?"

"न्हाय."

तुम्ही बराच वेळ माझ्या डोळ्यांकडं बघत राहिलात. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तुम्ही म्हणालात, "मग चूक माजी. जिला दिसत न्हाय तिच्या हातात मी कांड्या दिल्याच कशा."

त्या दिवसापासून कांड्या आई भरू लागली. येईल त्याला तुम्ही सांगायचा की हिची नजर मागाची न्हाय, हिला शिकवायचं. शिकवलंत. आमच्या गल्लीतल्या बरोबरीच्या पोरी रहाटापाशी बसल्या होत्या तेव्हा मी दप्तर घेऊन शाळेत जात होते. शाळा, मग पोस्ट, आणि त्या नोकरीच्या जिवावर हे बाथरूम. ते पट्ट्याचं लुगडं आईनं नेसून नेसून विरवलं, आणि ती ते नेसली की मी दुसरीकडं बघायची. दोन पांढऱ्यांतला केसाएवढा फरक ओळखणारे तुमचे डोळे, आप्पा. ते माझ्याकडं आले आहेत हे तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

काल सकाळी आई पहिल्यांदा आत गेली. मी दाराआड उभी होते. तिनं आधी त्या कोऱ्या रंगाच्या कपाटाला हात लावला, तो कपाळाला लावला, मग नळ सोडला आणि चूळ भरली. बाहेर येऊन म्हणाली, "पाणी चांगलं येतंय."

आता ती म्हणते, कपाटात खाली कागद घाल, साबणाचे डाग पडतील. मी हेच पत्र घालीन म्हणते, लिहिलेली बाजू खाली करून. तिला अक्षर लागत नाही, पण तिला कळलंय. तुम्हालाच सांगायचं राहिलं. त्या दिवशी खिडकीत दुसरी लडी सोडतानाच मला दिसलं होतं, आप्पा.