टर्बोचं तेल, नोव्हेंबर १९८६

मंगळ., ४ नोव्हें.
शाळेला सुट्टी. नववीचे विज्ञानाचे पेपर तपासायचे तसेच पडलेत. आमचे दि. सकाळी गाडी घेऊन मुंबईला गेले तेल बदलायला, आणि दुपारी तेच तेल घेऊन परत आले. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, टर्बो बघितला, बॉनेट मिटलं. म्हणाला, “साहेब, उघडू आम्ही. पण मग मिटणार कोण?”
दि. कुवेतहून कायमचे आले त्याला अडीच महिने झाले, अजून पाहुण्यासारखे जेवतात. मागून काही घेत नाहीत. लग्नाला दहा वर्षं, त्यातली आठ पत्रांत. समोरासमोर काय बोलायचं ते दोघांनाही नवीन.
गाडीविषयी मात्र बोलतात. लाल, बुटकी, जपानी, स्टिअरिंग डाव्या हाताला. तिथला एक अधिकारी देश सोडून चालला होता, त्याच्याकडून घेतली. गाव अजून बघायला येतं.

बुध., ५
दि. ओट्यावर गाडीचं पुस्तक घेऊन बसलेले. मी मागे उभी राहून वाचलं. टर्बो समजला आणि काय आनंद झाला. शाळेत हे कुणी शिकवत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा दुसऱ्याला, आणि दुसरा इंजिनात जादा हवा कोंबतो. मधला दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल खराब झालं की दांडा गेला. आणि हिचं तेल बोटीवर, गोदीत, पावसाळाभर तसंच.
सासूबाईंना पाटीवर काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे चुलीच्या धुरानंच फुंकणी चालवायची.” तीस वर्षांत इतकं नेमकं उत्तर एकाही विद्यार्थ्यानं... (तीस नाही, अकरा वर्षं. पण तरी.)

गुरु., ६
ठरलं. घरीच बदलायचं.
दि. तिथं सुट्या भागांच्या गोदामावर होते. हर एक नटाचा नंबर पाठ. स्वतःच्या हातानं एकही नट फिरवलेला नाही, हे आज कबूल केलं. येताना तेलाचे डबे आणि एक फिल्टर मात्र सामानात बांधून आणलेत. पाने शेजारून मिळाले.
अडचण एकच, गाडीखाली शिरायला जागा नाही. आडवा हात जेमतेम जातो. जॅकवर चढवून खाली झोपायचं म्हणत होते, मी नाही म्हटलं. जोरात म्हटलं. दोघेही जरा दचकलो.
मग मलाच सुचलं, वाडीतला पाट. केळीच्या दोन रांगांमधून विहिरीचं पाणी जातं तो. चाकं दोन काठांवर, माणूस मधे खाली.

शुक्र., ७
पाट खणला. विहिरीजवळच्या टोकाला पाच-सहा हात लांब, कमरेइतका खोल. दि. पहारीनं, मी घमेल्यानं. हातांना फोड. सासूबाई काठावर बसून: “दिनू, आठ वर्षांत बापाच्या वाडीत कुदळ मारली नाहीस, आज मारलीस ती मोटारीसाठी.” पण दुपारी स्वतः उठून लिंबाचं सरबत केलं.
दि. दोनदा मागून प्यायले.

शनि., ८
काठ ढासळू नयेत म्हणून माडाच्या फळ्या टाकल्या. आता प्रश्न, गाडी चढवताना चाकाकडे बघायला एक माणूस पुढे हवा आणि आत एक हवा.
दि. म्हणाले, “कुणाला बोलावू?”
मी म्हटलं, “मी चालवते.”
“तुला येते?”
“येते.”
“कधीपासून?”
“गेल्या वर्षी. माणिकपूरच्या क्लासात. पक्कं लायसन्स आहे.”
“पत्रात लिहिलं नाहीस.”
मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे लिहिलंत की तिथं जेवायला एकटेच बसता म्हणून. हे कुठून आलं तोंडात कळलं नाही. (त्यांच्या एका मित्राकडून कळलं होतं.) दि.नी किल्ली काढून दिली.
डाव्या बाजूनं चालवणं म्हणजे आरशातल्या बाईनं वेणी घालणं. तरी चढवली. एकदाच बंद पडली. चाकं फळ्यांच्या बरोबर मधोमध. दि. दोन्ही हात वर करून “बस, बस” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा...
काय लिहू.

रवि., ९
तेल पातळ व्हावं म्हणून आधी इंजिन गरम केलं. मग दि. पाटात उतरले. तेलाच्या चेंबरचा नट हलेना. सकाळ गेली, दुपार गेली. पान्याला पंपाचा जुना पाइप लावून ओढला. नाही. मी वरून पुस्तक वाचून दाखवत होते, त्याचा काही उपयोग नव्हता.

सोम., १०
टपाल. कुवेतहून. गोदामाच्या साहेबाचं पत्र, परत या, दोन वर्षांचा करार, वरची जागा, महिनाअखेर कळवा. दि.नी केळीत उभं राहून वाचलं आणि माझ्या हातात दिलं.
“काय म्हणतेस?”
नका जाऊ म्हटलं तर त्यांच्या पायात बेडी, आणि जा म्हटलं तर खोटं. म्हटलं, “आधी नट काढू.”
हसले थोडे. पत्र डब्यावर दगडाखाली ठेवलं.

मंगळ., ११
नट निघाला!
मीच उतरले पाटात, साडी खोचून. सासूबाई आत निघून गेल्या, बघवेना म्हणून. खाली झोपून दि.ना विचारलं, कुठल्या बाजूनं ओढत होता? त्यांनी दाखवलं. म्हणजे आवळत होते. दोन दिवस आवळत होते.
“अहो, उलटं.”
“खालून बघतोय म्हणजे उलटंच ना. म्हणून उलटं केलं.”
“नटाचं तोंड तुमच्याकडेच आहे की. बरणीच्या झाकणासारखं सरळ उघडायचं.”
दि. हसायला लागले. पाटाच्या काठावर बसून, गुडघ्यात डोकं घालून हसले. असं हसताना मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ऐकलं होतं, त्यानंतर आज.
पाइप लावून दोघांनी ओढला. कट्ट आवाज झाला. पुढचं मी हातानं फिरवत होते आणि सगळं काळं तेल माझ्या कोपरावरून ब्लाउजमध्ये. घमेलं धरायचं राहून गेलं. धरलं मग.
अंगाचा वास अजून जात नाही. दोनदा शिकेकाई लावली.

बुध., १२
फिल्टर चिकटलेला. हात जेमतेम पोचतो, पाना बसत नाही. दि. सायकलवर पाचूबंदरला जाऊन पास्कलभाऊंना घेऊन आले. ते मच्छीमारी बोटींची इंजिनं बघतात. गाडीभोवती एक फेरी मारली. “इंजिन आहे ना? मग बोटीचं काय आनि मोटारीचं काय.” खिशातून जाळ्याची दोरी काढली, फिल्टरला तीन वेढे, दोरीत लाकडी दांडकं, एक पीळ. सुटला.
नटाखालचा तांब्याचा वायसर चेपलेला. नवीन कुठून आणणार. पास्कलभाऊ म्हणाले, “तापवा लाल होईस्तवर, गार पान्यात टाका. मऊ पडतो. पुन्हा चालतो.” लोखंड असं कडक होतं, तांबं उलट मऊ होतं. पुस्तकात वाचलेलं, आज डोळ्यांनी बघायचं.
चिमट्यात धरून स्टोव्हवर तापवला. लाल झाला. पाण्यात चर्रर्र. सासूबाई: “चहा ठेवायचा सोडून सून वायसर शिजवते.” नखानं दाबून बघितला. खरंच मऊ. सासूबाईंनीही दाबून बघितला.
जुनं तेल त्यांनीच मागून घेतलं. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागलीय.

गुरु., १३
फिल्टर बसवला, नट बसवला (बरोबर बाजूनं). तेल मी ओतलं, दि. तेल मोजायची पट्टी बघत होते. मधासारखं तेल, उन्हात सोनेरी. एक थेंबही सांडला नाही.
सुरू करताना पुस्तकात इशारा. टर्बोचा दांडा कोरडा फिरू द्यायचा नाही. म्हणून आधी ठिणगीची वायर काढून नुसता स्टार्टर मारायचा, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. मी आत, दि. बॉनेटपाशी. मारला. दिवा पेटलेलाच. पुन्हा. पेटलेलाच. दि.चा चेहरा पांढरा. तिसऱ्यांदा मारला आणि विझला.
वायर लावली. सुरू.
पास्कलभाऊ पाटात उतरून बघून आले. “सुकं आहे.” मग आम्ही चौघं नुसते उभे राहून आवाज ऐकत होतो. सासूबाईंनी बॉनेटला हळद-कुंकू लावलं. दि.नी जेवताना तिसऱ्यांदा भात मागितला.

शनि., १५
दि. पत्राचं उत्तर लिहायला बसले. “प्रिय साहेब” एवढं लिहिलं. ते म्हणाले, “इथं करण्यासारखं काय आहे मला?” मी म्हटलं, पास्कलभाऊंना बोटींचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत, मुंबईला खेपा घालतात. परवा तेच सांगत होते. दि. म्हणाले, “हं.” नंतर अर्ध्या तासानं पुन्हा, स्वतःशीच, “कुठल्या इंजिनाचे?”
मी पेपर तपासले. सात झाले.

रवि., १६
चिंचोटीच्या धबधब्यावर जाऊन आलो, दोघंच. जाताना ते, येताना मी. जाताना चढावर दि.नी पाय दाबला. एक क्षण काहीच नाही, मग मागून कुणी ढकलावं तशी गाडी सुटली. तो पंखा! मी मोठ्यानं हसले. धबधबा आता बारीक झालाय, पण पाणी गार. पाय सोडून बसलो. एकटं जेवण्याबद्दल मित्रानं सांगितलेलं खरं का विचारलं. म्हणाले, खरं. पुष्कळ सांगितलं. ते इथं लिहीत नाही.
परतताना दि. शेजारी बसल्या बसल्या झोपले. तोंड थोडं उघडं. आठ वर्षांत त्यांना दिवसाउजेडी झोपलेलं बघितलं नव्हतं. मी गाडी हळू घेतली, खड्डे चुकवत. माणिकपूर गेलं. आमच्या वाडीचं वळण आलं, समोर सासूबाईंनी वाळत घातलेलं लुगडं दिसलं.
वळवली नाही. किल्ल्याकडचा रस्ता धरला, समुद्रापर्यंत. ते झोपलेलेच.