एका फोटोला अकरा पेन्स

१ मार्च, रविवार
आज मंडळाच्या मीटिंगमध्ये मी बोललो आणि हॉल शांत झाला. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त प्रदर्शन ठरलंय: इथे इंग्लंडात साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या आपल्या लोकांचे चाळीस जुने फोटो, मोठे करून. १८ एप्रिल, रीडिंग गावातलं कम्युनिटी सेंटर. सेक्रेटरी सम्यक म्हणाला, हाय स्ट्रीटवरच्या केमिस्टकडे फोटोही छापतात, तिथून छापून घेऊ. मी उभा राहिलो. म्हटलं, ज्यांनी एवढं सोसलं त्यांचे चेहरे शाम्पू आणि खोकल्याच्या औषधांमध्ये छापायचे? मी घरी छापतो. सगळे गप्प. आदराने असणार. कल्याणी मात्र चपलेचा पट्टा बघत होती. बायको असली की असंच.

३ मार्च, लंच अवर
प्रिंटर-संशोधन सुरू. दोन जाती आहेत. कार्ट्रिजवाला: यंत्र स्वस्त, शाई परफ्यूमपेक्षा महाग. टँकवाला: यंत्र महाग, शाई बाटलीतून ओतायची, जवळजवळ फुकट. टँकवाला घेतला तर एका मोठ्या फोटोला, कागदासकट, फक्त अकरा पेन्स! कल्याणीला चार्ट दाखवला. तिने विचारलं, किती फोटो छापल्यावर अकरा पेन्स? म्हटलं, चार हजार. ती म्हणाली, आपल्याला चाळीस छापायचेत. लाँग टर्म विचार सगळ्यांना जमत नाही.

७ मार्च, शनिवार
कार्ट्रिजवाला घेतला. एकोणसत्तर पाउंड, शेवटचा पीस होता. चार्ट चुकला नव्हता, परिस्थिती बदलली.
दुपारी वॉटफर्डला धम्मशीलामावशींकडे. मावशी आमच्या नात्यातल्या नाहीत, पण सगळ्या मंडळाच्या मावशी. वय एक्क्याऐंशी. १९६९ साली नर्स म्हणून नागपूरहून आल्या. त्यांनी सगळे चाळीस फोटो गोळा करून ठेवलेत. लिफाफा देताना एक फोटो वेगळा काढला. त्यांचं लग्न. पांढरी साडी, शेजारी भगवानकाका, काय सरळ उभे! काका जाऊन पंधरा वर्षं झाली. मावशी म्हणाल्या, उजव्या डोळ्याचं काम संपलं, डावाही निघालाय. एवढासा फोटो आता दिसत नाही. मोठा झाला की एकदा नीट बघून घेईन म्हणते.
म्हटलं, मावशी, काकांच्या मिशीचा केस न् केस दिसेल.

८ मार्च
नऊ फोटो झाले. नवव्यात निळा संपला. यंत्राबरोबर अर्धीच भरलेली कार्ट्रिजं देतात, हे खोक्यावर लिहिलेलं असतं म्हणे, तळाला. नवा सेट अठ्ठावन्न पाउंड. लेक ईशानी बघून म्हणाली, बाबा, सगळे अंकल ऑरेंज झाली. तिचं मराठी सुधारायला हवं.

१४ मार्च
इंटरनेटवरून बारा पाउंडांची शाई मागवली. प्रिंटरने नाकारली. स्क्रीनवर लाल अक्षरात: ही शाई आमच्या कंपनीची नाही. म्हणजे आता शाईचंही कूळ विचारणार! कल्याणीला म्हटलं, याविरुद्ध लढा उभारला पाहिजे. ती म्हणाली, लढा उभार, पण बाबासाहेबांना यात ओढू नकोस, आणि आधी केमिस्टकडे जा.
केमिस्टकडे जाणार नाही. प्रश्न आता तत्त्वाचा आहे.

२१ मार्च
टँकवाला घेतला. दोनशे एकोणतीस पाउंड. वर फीडर आहे: कागदांचा गठ्ठा ठेवायचा, यंत्र एकेक आत ओढून स्कॅन करतं. चाळीस फोटो पाच मिनिटांत! ईशानी मॅन्युअल वाचत बसली होती. म्हणाली, इथे लिहिलंय, फोटो फीडरमध्ये नको. काचेवर ठेवायची. मी म्हटलं, मॅन्युअल घाबरट लोकांसाठी असतात.

२२ मार्च
पहिलाच फोटो. लग्नाचा.
अर्धा आत गेला. मग आवाज आला. सुपारी अडकित्त्यात सापडते तसा. मी ओढला. ओढायला नको होता.
तीन तुकडे. मावशी जवळजवळ पूर्ण आहेत. काका छातीपासून वर रोलरमध्ये.

२२ मार्च, नंतर
चिमट्याने काका काढले. चेहऱ्याच्या ठिकाणी पांढरी घडी.
ही चूक तांत्रिक आहे. मानवी नाही.

२४ मार्च
तुकडे माझ्या थर्मल मोज्यांत ठेवलेत. थंडी संपली, कोणी उघडणार नाही. कल्याणीला सांगणार नाही. योग्य वेळ आली की सांगेन. अजून साडेतीन आठवडे आहेत, टेक्नॉलॉजी रोज पुढे जाते.

२८ मार्च
टेक्नॉलॉजी. एका ॲपमध्ये तुकडे जोडले, म्हटलं चेहरा पूर्ण कर. त्याने काकांना कोणातरी दातवाल्या गोऱ्या माणसाचं हसू दिलं. दुसऱ्यांदा टाय दिला. तिसऱ्यांदा काका मावशींपेक्षा वीस वर्षांनी लहान.
मावशींचा फोन. विचारलं, झाला का रे? म्हटलं, अगदी फिनिशिंग चाललंय. त्या म्हणाल्या, घाई नको, पण डोळ्याच्या डॉक्टरने पुढची तारीख दिलीय, त्याच्या आत झाला तर बरं.
फोन ठेवताना कॉफी चार्टवर सांडली. कॉफी कमी केली पाहिजे.

४ एप्रिल
बाकीचे एकोणचाळीस काचेवर स्कॅन केले. छापले तर प्रत्येक चेहऱ्यावर आडव्या रेषा, आणि मधूनमधून हिरवट. उपाय: प्रिंटरला स्वतःला साफ करायला सांगायचं. तो घरघरतो आणि साफ करताना शाई पितो. सहा वेळा साफ केला. नवी बाटली अर्धी. कागदाचं तिसरं पाकीट संपलं. सम्यकने मेसेज केला, दादा, सगळं ठीक ना? अंगठा पाठवला.
आतापर्यंत एका फोटोला, जे लावण्यासारखे आहेत ते धरून, भागाकार करता येत नाही. शून्याने भागता येत नाही.

१० एप्रिल
ऑफिसात रिपोर्ट वाचताना सगळीकडे काका दिसतात. चेहऱ्याशिवाय.
त्यांचा मुलगा असतो तर असा वागलो असतो का? मावशींनी मला एवढ्या विश्वासाने फोटो दिला. डोळा चाललाय, आठ दिवसांवर प्रदर्शन, आणि मी त्यांना घडी दाखवणार.
उद्या वॉटफर्ड. सांगून टाकायचं. ठरलं.

११ एप्रिल, शनिवार
ट्रेनमध्ये वाक्य पाठ केलं: मावशी, एक तांत्रिक अडचण आली. दारात मावशी म्हणाल्या, जय भीम, ये, वाळलास रे. आणि मी मोजाच पुढे केला. म्हटलं, मावशी, मी काका फाडले.
त्यांनी तुकडे टेबलावर ओतले. भिंग घेतलं. बराच वेळ बघितले. मग एक तुकडा उलटा करून मला म्हणाल्या, वाच, मला बारीक दिसत नाही.
मागे केमिस्टचं नाव होतं. आणि तारीख. ५ मार्च.
मावशी म्हणाल्या, अरे, ही कॉपी आहे. मूळ फोटो माझ्या ट्रंकेतून बाहेर जात नाही. मीटिंग झाली त्याच संध्याकाळी कल्याणीचा फोन आला होता, मावशी, ह्याला मूळ फोटो एकही देऊ नका. मग ती नि मी जाऊन सगळ्यांच्या कॉप्या काढल्या. मोठेही तेव्हाच छापून गुंडाळून ठेवले, तुझे जमले नाहीत तरच उघडायचे म्हणून. चाळीस मिनिटं लागली, त्यात चहा झाला.
मी विचारलं, मग मला कोणी सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, कल्याणी म्हणाली, तुझा उत्साह मोडायला नको. आणि कोण जाणे, जमेलही.
मला रडू आलं. पोलनची ॲलर्जी सुरू झालीय. मावशींनी टिश्यूचा डबा सरकवला. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई.
मग मोठा फोटो उघडून दाखवला. काकांच्या मिशीचा केस न् केस.
घरी आल्यावर कल्याणीच्या समोरच मोजे धुवायला टाकले.

१८ एप्रिल, शनिवार
प्रदर्शन झालं. हॉल भरला. सम्यकने भाषणात आभार मानले: कल्याणीचे, मावशींचे, चहावाल्यांचे, आणि 'ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केले' त्यांचे. शेवटच्यात मी.
मावशींना लग्नाच्या फोटोसमोर खुर्ची दिली होती. नाक काचेला टेकवून त्या बघत बसल्या. दहा मिनिटं कोणी मध्ये गेलं नाही. मग भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या, किती घाबरलेला होता हो हा, मला तेव्हा कळलंच नाही.
हे ईशानीने सांगितलं. मी बाहेर होतो. शेजारच्या चर्चवाल्यांनी गाड्यांची तक्रार केली, तेव्हा सम्यकने मला जाड मार्कर आणि पुठ्ठा दिला. 'कृपया येथे गाडी लावू नये', मराठीत आणि इंग्रजीत, दोन बोर्ड. ते हातात धरून मी गेटवर अडीच तास उभा होतो.
अक्षर छान आलंय, असं दोघांनी सांगितलं.