वळकटीचं वजन

६ मार्च १९७८, सोमवार

कोर्टातून कुऱ्हाड आणली. पोस्टकार्ड आलं होतं, वस्तू घेऊन जा नाहीतर सरकारजमा करू. शाळेत अर्धी रजा टाकून गेले. कारकून म्हणाला, "मयताची बहीण ना? इथं सही." केली. दांड्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, लाखेचा शिक्का. पातं तांबूस. गंज असेल. गंजच असणार.

यशवंतचा शर्ट मागितला. तो नष्ट केला म्हणे.

वर्तमानपत्र पुरलं नाही, पातं बाहेर राहिलं. बसचा कंडक्टर म्हणाला, "बाई, सीटखाली सरकवा, कुणाच्या पायाला लागंल." सरकवली. मग सगळी वाट माझेच पाय वर घेऊन बसले.

आईने हातात घेऊन जोखली. दारामागे उभी केली, पूर्वी असायची तिथेच.

९ मार्च, गुरुवार

पासपोर्टच्या चौकशीला जमादार आले. विहारातर्फे बावीस जण श्रीलंकेला जायचे आहेत, वैशाख पौर्णिमेला अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली. त्यात आई आणि मी. खरं तर यादीत पहिलं नाव यशवंतने दिलं होतं, चार वर्षांपूर्वी, यात्रेचं नुसतं बोलणं चाललं होतं तेव्हा. त्याच्या जागी आई.

जमादारांनी विचारलं, घरात कुणाशी भांडणतंटा? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हाय की." मग मी सांगितलं. भावाचा खून झाला, तीन वर्षं झाली. चुलतभावाने केला. गेल्या वर्षी सुटला. त्यांचं लिहिणं थांबलं. दारामागे नजर गेली. कुऱ्हाडीकडे बघत म्हणाले,

"आजी, लंकेला चाललाय खऱ्या, पण जाळून येऊ नका बरं."

"जाळायसारकं हितंच लई हाय, सायब. तितं म्या फुलं वाहून येनार."

ते हसले. चहा घेतला. वर्तणूक चांगली असं लिहून गेले.

१२ मार्च, रविवार

विहारात कांबळे गुरुजींनी यादी वाचली. आईचं नाव, माझं नाव आणि लगेच खाली सोनाबाई. माझी चुलती. द. ची आई. (त्याचं नाव पुरतं लिहायला हात होत नाही. द. पुरे.) सुटल्यापासून द. कुंभारीला राहतो, गिरणीत लागला आहे, काकी त्याच्याजवळ असते.

मी गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, धम्माच्या यादीतून मी कुणाला कसा काढू? केलं ते पोराने.

घरी आल्यावर आईने सरपण फोडायला घेतलं, त्याच कुऱ्हाडीने. सरपण संपलं तरी घाव चालूच. अंगणातली शहाबादी फरशी फुटली. शेजारची बाई डोकावली आणि दार लावून आत गेली.

२१ मार्च, मंगळवार

आज वर्गात एका मुलीला मारलं. पाढा चुकली म्हणून. रूळ तुटला तरी हात थांबेना. तिच्या मनगटावर वळ उठले, नंतर रक्त आलं. मुलगी रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. सोळा वर्षं शिकवते, कुणावर आवाज चढवला नाही. हेडबाई म्हणाल्या, दोन दिवस घरी बसा.

म्हणून घरी आहे. बघितलं ते एकदा लिहून टाकते.

मंगळवेढ्याकडचं आमचं गाव. ज्वारीची काढणी झालेली. बांधावरची बाभळ तोडायला य. निघाला, इथल्या, सोलापूरच्या घराला नवी चौकट करायची होती. मी पाण्याची कळशी घेऊन मागे. द. आला. बाभळ आमच्या हिश्श्याची म्हणाला. शब्द वाढला. य. ने कुऱ्हाड उगारली. म्हणाला, "हट, न्हायतर झाडाआदी तू." तो मारणार नव्हता. तो असाच होता, लहानपणी मलाही विळी घेऊन भिववायचा. द. ने दांडा धरला, पिळला, काढून घेतला. पहिला घाव खांद्यावर. य. खाली बसला, जेवायला बसतात तसा. दुसरा मानेवर. तिसरा कशाला घातला ते आजपर्यंत कळलं नाही, तोवर संपलं होतं. ज्वारीच्या धसकटांत तोंड. एक धसकट डोळ्यात गेलेलं.

मी ओरडले नाही. आवाजच आला नाही. कळशी खाली ठेवली, सांडू न देता. हे कोर्टात कुणी विचारलं नाही.

आईने सांगून ठेवलं होतं, कुऱ्हाड द. ने आणली म्हण, एवढंच. त्याच्या वकिलाने विचारलं, कुऱ्हाड कुणाची? मी म्हणाले, आमची. कुणी आणली? भावाने. आधी कुणी उगारली? मी म्हणाले, भावाने.

रोज पंचशील म्हणते. चौथं शील, खोटं बोलणार नाही.

स्वसंरक्षण, असं ठरलं. सुटला. कोर्टाच्या पायरीवर आईने माझ्या तोंडात मारली. अंगठीने ओठ फाटला, खूण अजून आहे. "खरं बोलून भावाला दुसऱ्यांदा मारलंस, सुमे." त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही.

२४ एप्रिल, सोमवार

पासपोर्ट आले. आईचा फोटो कैद्यासारखा. तिने बघितला आणि म्हणाली, बरं हाय.

२७ एप्रिल, गुरुवार

कॉलऱ्याची सुई आणि देवीची टोचणी. त्याशिवाय रामेश्वरला बोटीत घेत नाहीत. दवाखान्याबाहेर भिंतीच्या सावलीत रांग. काकी नेमकी आईच्या पुढे. आम्हाला बघून तिने पदर पुढे ओढला. आई पाच-दहा मिनिटं नीट उभी होती. मग तिने काकीचा अंबाडा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. "बोल. बोल की, कुटं हुतीस तवा." चुन्यावर लाल. काकीने हात वर केला नाही. दोन्ही हात मांडीशी तसेच.

मी सोडवायला गेले, पण लगेच नाही. एवढं स्वतःशी कबूल करते.

नर्स म्हणाली, "आधी सुई देऊ का टाके घालू?" काकीला दोन्ही झालं. पिवळ्या कार्डावर शिक्का मारून घ्यायला ती विसरली नाही.

आईच्या मुठीत केस राहिले होते. घरी येऊन चुलीत टाकले.

४ मे, गुरुवार

शाळेला सुटी लागली. बांधाबांध. आईने कडक भाकरी करून उन्हात वाळवल्या, वाजतात नुसत्या. शेंगाची चटणी वेगळी कुटली. दोन पांढरी लुगडी, दोन माझी पातळं, मेणबत्त्या, उदबत्ती, औषधं.

ट्रंक य. ची. त्यावर त्याने रंगाने लिहून घेतलं होतं: यशवंत, सोलापूर ते श्रीलंका. गुरुजी म्हणाले, नाव पासपोर्टाशी जुळायला हवं, कस्टमवाले विचारतील. मी ब्लेडने खरवडायला बसले. 'य' निघाला तेवढ्यात आईने ब्लेड काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. कुनी इचारलं तर सांग, मेलेला चाललाय."

दुपारी धारवाला आला. आईने विळी दिली, मग कुऱ्हाड. चाकावर ठिणग्या उडाल्या, तांबूस सगळं गेलं. तो म्हणाला, "आजी, लाकडं फोडाया एवडी धार लागत न्हाय."

"किती लागती मला ठाव हाय."

संध्याकाळी पात्यावरून बोट फिरवून बघितलं. कापलं. चोखत बसले. मनात आलं, माझ्या हातात बरी बसते.

७ मे, रविवार

यात्रेला निघण्याआधी सगळ्यांनी विहारात एकत्र शील घ्यायचं, ज्याचं ज्याच्याशी वैर असेल त्याने त्याची क्षमा मागायची, अशी गुरुजींची शिस्त. सगळ्यांचे पांढरे कपडे. काकीच्या कपाळाला पट्टी. गुरुजींनी मुद्दाम तिला आईशेजारी बसवलं.

त्रिशरण झालं. आई म्हणाली सगळ्यांबरोबर. पहिलं शील आलं, पाणातिपाता वेरमणी, कुणाचा जीव घेणार नाही. आई गप्प. गुरुजी थांबले. पुन्हा म्हणाले. आई गप्प. मग म्हणाली,

"ह्ये म्या म्हननार न्हाय, गुरुजी."

"का, माय?"

"खोटं बोलायचं न्हाय म्हनून ह्या पोरीनं माजं पोरगं घालवलं. आता म्या बुद्धाम्होरं खोटं कसं बोलू?"

बाहेर माग चालू होता, त्याचा खटखट आवाज तेवढा. मला वाटलं जमीन फाटावी. आणि खरं सांगायचं तर छाती भरूनही आली. कोर्टाच्या त्या पायरीनंतर ती पहिल्यांदा माझ्याबद्दल बोलली.

गुरुजींनी मूर्तीपुढची मेणबत्ती सरळ केली. मग म्हणाले, शनिवारी गाडीत चढण्याआधी फलाटावर आपण सगळे पुन्हा शील घेऊ. माय, तेव्हा म्हणा. नाही म्हणालात तर तुम्हाला घेऊन जाणं मला जमायचं नाही. सुमनबाईंनी ठरवावं यायचं का राहायचं.

आई म्हणाली, "शनवारी बगू."

९ मे, मंगळवार

काकी आली. एकटी, कुंभारीहून, उन्हाची. उंबऱ्याच्या आत आली नाही. आई भाकरी बांधत होती, तिने मान वर केली नाही.

काकी म्हणाली की शनिवारी स्टेशनवर द. येणार आहे, ट्रंक चढवायला. येऊ नको म्हणून तिने सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. आधीच कळावं म्हणून आली.

मी विचारलं, का सांगणार नाही?

तिने पोलक्याची बाही वर केली. दंडावर काळं-निळं, जुनं पिवळं, त्यावर नवं. दाताची खूणही होती. पाठीकडे पदर सारला, तिथे चटका. उलथन्याचा असावा.

"हाताला एकडाव सवय लागली की सुटत न्हाय, सुमन. बांदावर त्या दिशी म्या हुते. कडब्याच्या गंजीआड. कोर्टात न्हवते म्हनले, पोटचं हुतं म्हनून." मग आईकडे वळून, "आक्का, तुमी दवाखान्यात आपटलं त्येचं काय न्हाय. म्या लंकंला चाललेय ती परत यायाला न्हाय. गुरुजीस्नी ठाव न्हाय."

आई गाठ मारत होती. ती पुरी केली. मग उठून आत गेली, एक कडक भाकरी आणि चटणी पानावर आणून उंबऱ्यावर ठेवली. काकीने तिथेच बसून खाल्ली. भाकरी मोडल्याचा आवाज होत होता फक्त. पाणी मी दिलं.

जाताना काकी दारामागे बघून थांबली. कुऱ्हाड ओळखली असणार. म्हणाली, "धार लावलीया."

आई म्हणाली, "व्हय."

११ मे, गुरुवार

मी आईला विचारलं, शील म्हणणार का? ती म्हणाली, तू ठरवलंस का, यायचं का ऱ्हायचं? मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, मग मला का इचारतीस.

दोन दिवस एकच चित्र. फलाट, तो वाकून ट्रंक उचलतोय, मान पुढे. मी कुठे उभी आहे ते मात्र दरवेळी वेगळं दिसतं. एकदा कळशी घेऊन. एकदा कळशी नाही.

१३ मे, शनिवार

गाडी संध्याकाळची. टांगा सांगितला आहे, आलाय, घोडं दारात पाय आपटतंय.

सामान: ट्रंक, भाकरीचं गाठोडं, पाण्याची सुरई, आईची वळकटी. वळकटी तिने स्वतः बांधली, पहाटे, मी आंघोळीला गेले तेव्हा. सतरंजी, दोन चादरी, त्याभोवती काथ्याची दोरी, तीन ठिकाणी गाठ.

दारामागची जागा रिकामी आहे.

मी अंगणात बघितलं. सरपणात बघितलं. मोरीत, खाटेखाली. शेजारच्या बाईला विचारलं, आमचं काही मागून नेलंय का? म्हणाली, न्हाय की.

आई ओट्यावर बसली आहे, पासपोर्ट पदरात बांधून. पांढरं लुगडं. मी वळकटी उचलली टांग्यात ठेवायला. ती बघत होती. जड लागली. पण मी तिची वळकटी आधी कधी उचललेली नाही, किती जड असते मला माहीत नाही. सतरंजी जुनी आहे, जाड विणीची. जड असू शकते.

दोरीच्या गाठीला हात लावला. आई म्हणाली, "सोडून बगतीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. कोर्टात जायच्या आदल्या दिवशी भात वाढताना "उद्या काय सांगतीस?" म्हणून विचारलं होतं, तसंच विचारलं.

सोडून बघितलं, तर मला कळेल. मग फलाटावर गुरुजींनी विचारलं, पोलिसाने विचारलं, पुन्हा एखाद्या वकिलाने विचारलं, तर मी सांगेन. मला ते सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. मी तशीच आहे.

गाठ सोडली नाही. वळकटी टांग्यात ठेवली, माझ्या पायापाशी, मी बसणार त्या बाजूला.

टांगेवाला हाक मारतोय. वही ट्रंकेत टाकते.