येऊन गेले

मंगळवार, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण तो कधी दुखत नव्हता? पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलो.

बातमी म्हणशील तर फ्रीजची. तू गेलीस त्याच आठवड्यात तो बंद पडला. कंपनीचा माणूस आला, भिंतीवरचा बोर्ड उघडून वायरी उचकल्या, 'पार्ट आणावा लागेल, सर' म्हणाला आणि गेला तो गेलाच. तेव्हापासून दूध सकाळी आणायचं आणि दुपारच्या आत संपवायचं, असं चाललंय.

मग त्यांच्या हेल्पलाइनशी माझी जुंपली. हे दाबा, ते दाबा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा की कान दुखेपर्यंत तीच ती धून ऐकवतात. काल शेवटी एक मुलगी लागली.

"सर, तुमची तक्रार बंद केली आहे. आमचा माणूस येऊन गेला, तुम्ही घरी नव्हता."

"मी रिटायर्ड माणूस आहे, बाई. घरी असणं हाच माझा धंदा."

"बेल वाजवली, सर. कोणी दार उघडलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

इथे माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते लिहीत नाही. वहिनीने हातातून फोन काढून घेतला. "बाहेर जाऊन या. डोकं थंड होईपर्यंत घरात येऊ नका."

गेलो. बागेत दोन फेऱ्या मारल्या, बाकावर बसून चहा घेतला. शेजारी एक आजोबा आपल्या कुत्र्याला शांतपणे काहीतरी समजावत होते आणि ते ऐकतही होतं. राग उतरला. त्या पोरीची तरी काय चूक, असंही वाटून गेलं. खुशीत घरी आलो, बेल दाबली. दार उघडेना. पुन्हा दाबली. आत टीव्ही चालू, तरी कोणी येईना. उतरलेला राग पुन्हा चढला. दार बडवलं, तेव्हा वहिनी आली.

"बडवताय काय? बेल आहे ना."

ठमे, बेल वाजतच नव्हती. त्या पठ्ठ्याने वायरी उचकल्या त्यात बेलचीही तोडली. बेल यांनीच बंद करायची आणि यांनीच ती दाबून निघून जायचं. मी जिन्यात उभा राहून पोटभर हसलो.

आवाजाने समोरच्या मास्तरीणबाई बाहेर आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"तरीच," म्हणाल्या. "मागच्या रविवारी तुमची बहीण कितीतरी वेळ उभी होती. हातात डबा होता. मी म्हटलं, नसतील घरी. तर म्हणाल्या, आहेत, टीव्हीचा आवाज येतोय."

घरात येऊन आधी टीव्ही बंद केला.

वहिनीला डॉक्टरांकडे ने, एवढंच तू गेलीस त्या दिवशी म्हणाली होतीस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी राहा." तू दारातून "जाते" म्हणालीस. आई असती तर तिथेच अडवलं असतं. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, यावरून आपण दोघांनीही तिची किती बोलणी खाल्ली आहेत. तू ते मुद्दाम म्हणालीस, हे मला कळलं होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

तरी तू आलीस. मग दार का बडवलं नाहीस? लहानपणी मी आत असलो की न्हाणीघराच्या दारावर लाथा मारायचीस. पण मी सांगितलं होतं ना. पाहुण्यासारखी बेल दाबून उभी राहिलीस.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गुरुवारची. फ्रीज अजून बंदच आहे, राहू दे.

रविवारी तुझ्याकडे निघतोय. बेल दाबणार नाही, दारच बडवीन. उघडायचं की नाही ते तू ठरव. आतून टीव्ही ऐकू आला तरी मी जिन्यात बसून राहीन.

येतो.

तुझा दादा