टाकीत परत सोडलेला मासा

३ ऑक्टोबर १९९४, सोमवार

पोचलो एकदाचा. नॉक्सव्हिलहून दीड तासाचा रस्ता, पण चढ दिसला की माझ्या पिकअपला धाप लागते, म्हणून तीन तास लागले. शेवटच्या वळणावर बार्टन्स फोर्डचं तळं अचानक समोर आलं. डोंगरांना रंग चढलाय, पाणी अगदी स्वच्छ. कितीतरी दिवसांनी शीळ घातली. ती बेसूरच होती, पण ऐकायला होतं कोण?

दुकान धक्क्याला लागूनच आहे. गळाला लावायचे जिवंत मासे, काठ्या, दोऱ्या, बर्फ, कॉफी. मालकीण वेस्टा हॅटमेकर, सगळ्यांची मिस वेस्टा, साठीची, बुटकी, तोंडाने फटकळ. माझा इस्त्रीचा शर्ट बघून म्हणाली, मिस्टर स्टिल्टनर, राबायला आलात की लग्नाला? मग वाडगाभर घेवडा आणि मक्याचा पाव पुढ्यात ठेवून म्हणाली, खा आधी, वाळलेल्या माणसाकडून काम होत नाही. राहायला दुकानामागचा ट्रेलर. छप्पर गळत नाही, खाट करकरते.

ही वही रोंडाने दिलीय. माझी बायको लोर्ना जूनमध्ये गेली, तेव्हापासून लेकीकडेच होतो. रोंडा काही कमी करत नव्हती, जास्तच करत होती. जेवताना रोज माझ्या डोळ्यांकडे बघायची, आज तरी रडतो का म्हणून. मला रडू येत नाही. आत कापूस भरल्यासारखं असतं, बस. निघताना वही हातात देऊन म्हणाली, डॅडी, तू बोलत तर नाहीसच, निदान लिही तरी. म्हणून हे लिहितोय.

५ ऑक्टोबर, बुधवार

काम अवघड नाही. उजाडता उजाडता धक्क्यावरून पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, फेकायचा, शॅड धरायचे, टाकीत आणून सोडायचे. शॅड म्हणजे वीतभर लांबीचा चंदेरी मासा. तळ्यातला पट्टेरी बास, ज्याला इथे सगळे स्ट्रायपर म्हणतात, तो याच्यावर जीव टाकतो. पहिल्या फेकीत पाग माझ्याच डोक्यावर पडला. मिस वेस्टा म्हणाली, वा, आज सगळ्यात मोठा मासा तुम्हीच धरलात.

टाकी गोल आहे. मी एकतीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात घालवली, त्यामुळे चौकोनी का नाही हे विचारल्याशिवाय राहवेना. मिस वेस्टा म्हणाली, चौकोनी टाकीत शॅड कोपऱ्यात नाक आपटत राहतो, नाक लाल होतं आणि मरतो. गोल टाकीत पंपाचा प्रवाह फिरतो आणि सगळे मासे त्याच्याविरुद्ध तोंड करून गोल गोल पोहत राहतात. बघत बसलं की तास कुठे जातो कळत नाही.

नियम दोनच. माशाला हात लावण्याआधी हात गार पाण्यात बुडवायचा. दुसरा असा, की गळाला लागून खाली गेलेला शॅड जसाच्या तसा परत आला, तर तो टाकीत सोडायचा नाही. डोकं चिरडून धक्क्यावरच्या बगळ्याला टाकायचा. का, विचारलं. दमलेला मासा पाणी नासवतो, असं म्हणून ती गल्ल्यामागे निघून गेली.

८ ऑक्टोबर, शनिवार

एमॉस सीबरचं आजचं गिऱ्हाईक आलं नाही, म्हणून त्याने मलाच बोटीवर घेतलं. एमॉस सत्तरीचा. चाळीस वर्षं लोकांना मासे दाखवतोय, गालात कायम तंबाखू. म्हणाला, चल रे लीलँड, फुकटात शिकवतो, पण कुणाला सांगू नकोस, माझं नाव जाईल.

शॅडच्या दोन्ही नाकपुड्यांतून गळ घालायचा, शिसं बांधायचं आणि साठ फूट खाली जुन्या नदीच्या पात्रावर सोडायचा. मग काठीचं टोक बघत बसायचं. शॅड एकटा पोहत असला की टोक हळूहळू मान डोलावतं. स्ट्रायपर जवळ आला की थरथरतं. एमॉस म्हणाला, शॅड बोंबलत नाही रे, थरथरतो. त्याची भीती दिसली की समज, मोठा आला.

तीन काठ्यांना तीन स्ट्रायपर लागले, एक बावीस पौंडांचा. माझी काठी सहा तास नुसती डोलत राहिली. दोरी गुंडाळली तर शॅड धडधाकट, नुसती नाकाला दोन भोकं. एमॉस म्हणाला, मुरगळ त्याला. तो बोट बांधत होता. मी मासा बादलीत टाकला आणि दुकानात आल्यावर टाकीत सोडून दिला.

दया आली, हे खरं आहे. सहा तास लटकून कुणालाच नको झालेला तो. मलाही कारखान्याने असंच परत पाठवलं होतं. जूनपासून मला काही वाटलं असेल तर ते हे पहिलं, मग ते चिरडून टाकवेना. रोंडा लहान असताना विचारायची, डॅडी, गळ लागला की माशाला दुखतं का? मी सांगायचो, नाही बाळा, त्याला काही कळत नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार

टाकीत एक शॅड उलटा फिरतोय. बाकी सगळे प्रवाहाच्या विरुद्ध, हा एकटाच प्रवाहासोबत. नाकाला दोन भोकं, म्हणजे तोच. हात पाण्यात घातला तर बाकीचे उधळले, हा नाही. माझ्या तळहातावर येऊन थांबला.

दुपारभर टाकीशी उभा होतो. मिस वेस्टा म्हणाली, टाकीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, प्रेमात पडायला नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आता सहा जण उलटे फिरतात. मिस वेस्टाचं लक्ष गेलेलं नाही, मीही सांगितलं नाही.

वरचा ओठ बधिर झालाय, दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर होतो तसा. थंडीमुळे असेल. कॉफी ओठावरून शर्टावर सांडली तेव्हा कळलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

दाढी करताना ओठाच्या वर कापलं. दुखलं नाही, रक्तही आलं नाही. आरशात नीट पाहिलं तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक आहे. जुनं असावं तसं स्वच्छ. काडेपेटीतली काडी घालून पाहिली. इकडून घातली, तिकडून निघाली.

भीती वाटायला हवी होती. वाट पाहिली. मग कॉफी केली.

१५ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी भानावर आलो तेव्हा धक्क्याच्या टोकाला उभा होतो, पाय गुडघ्यापर्यंत ओले. किती वेळ, माहीत नाही. नाकाशी एक ओढ आहे. जोराची नाही. मधूनमधून खालून कुणी दोरी चाचपून बघतं, तेवढीच.

बगळा माझ्याजवळ येऊन बसला होता. मी हललो तरी उडाला नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आज सगळी टाकी उलटी फिरत होती. मिस वेस्टाने पाहिलं आणि तिच्या हातातला बर्फाचा खोका पडला. कुठला परत सोडलास, एवढंच विचारलं. पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं. मी सांगितलं. तिने टाकीचं बूच काढून सगळं पाणी खडीवर सोडलं, एकेक मासा टाचेखाली चिरडला. नाकाला भोकं असलेला त्यात नव्हता.

मग पायरीवर बसून बोलली. तिचा नवरा कार्ल. एक्क्याऐंशी साली त्यानेही असाच एक मासा परत सोडला होता. तीन आठवडे धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचा, ना हूं ना चूं. मग त्याचा भाऊ केंटकीहून त्याला न्यायला आला. कार्लवर त्याचा फार जीव. तो जवळ जाऊ लागला तसा कार्ल थरथरायला लागला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. भावाने त्याला मिठी मारली आणि दोघेही पाण्यात गेले. पाणी उडालंसुद्धा नाही. संध्याकाळी कार्ल एकटा वर आला, ओला, शांत. भाऊ कधीच सापडला नाही. मग त्याची आई आली. त्या वेळी कार्लही वर आला नाही.

म्हणाली, शॅड कुणाला हवा असतो रे? खालच्याला तो नको असतो. त्याला हवा असतो शॅडच्या मागे येणारा. मी विचारलं, तू कशी वाचलीस? म्हणाली, माझं त्याच्यावर कधी तेवढं प्रेम नव्हतं. जेवणाचं ताट लांब ठेवून यायचे.

मग विचारलं, तुझं कोण आहे? मी म्हणालो, रोंडा. ती म्हणाली, तिला फोन करू नकोस. मग म्हणाली, पण या आठवड्यात तीनदा केलायस, माझ्याच गल्ल्यावरच्या फोनवरून.

मला एकही आठवत नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

निघालो. पिकअप खिंडीपर्यंत गेला. तिथे नाक मागे ओढलं गेलं, सावकाश, मान वळेपर्यंत. पुढचं आठवत नाही. गाडी परत दुकानापाशी उभी, इंजिन चालू.

दुखलं नाही. माशाला काही कळत नाही, रोंडाला मी खरं तेच सांगितलं होतं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

कागदावर लिहिलं, येऊ नकोस, कारण विचारू नकोस. तो समोर धरून फोन केला. मिस वेस्टा शेजारी उभी होती. वाचत मी तेच होतो. तोंडातून निघालं ते असं, की शनिवारी ये, मासे झकास लागतायत, आईचा लोखंडी तवा आण, मी तळतो. वर हसलोसुद्धा. रोंडा रडायला लागली. म्हणाली, डॅडी, किती महिन्यांनी हसलास तू.

मिस वेस्टाने फोन हिसकावून तिला बजावलं, अजिबात येऊ नकोस. त्याने झालं उलटंच. तिला वाटलं मी आजारी आहे आणि ही लपवतेय. आता काही झालं तरी येणार.

मी सगळं ऐकत होतो. चांगला पोहतोय मी, एवढंच मनात आलं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मीच मिस वेस्टाला सांगितलं, मला कोंडून ठेव. एमॉसने ट्रेलरला साखळी घातली. बाहेरून म्हणाला, त्या दिवशी मासा मी स्वतः मुरगळायला हवा होता रे. बराच वेळ तिथेच उभा होता.

उद्या ते दोघे रस्ता अडवणार आहेत.

रोंडाचा चेहरा आठवून पाहतोय. आठवतो. पण त्याबरोबर जे यायला हवं ते—

२२ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

धक्क्यावर आहे. साखळी माझ्या हातात. कशी निघाली ठाऊक नाही. बोटं सोलवटलीत. दुखत नाहीत.

पाणी स्वच्छ आहे. खाली नाकाला भोकं असलेला तो— माझ्याकडे तोंड करून—

दहा वाजले असतील

खिंडीत निळी गाडी. तिचीच. एमॉसचा ट्रक आडवा. थांबली.

उतरली. पायी येतेय. मिस वेस्टाने हात धरला— सोडवून घेतला. काखेत तवा. डॅडी, डॅडी म्हणत— उतारावरून पळत—

ओरडायला हवं. तोंड हसतंय.

काही वाटत नाही, लोर्ना. आपली पोरगी येतेय आणि मला काहीच—

थांब. पेन्सिल हलतेय. मी नाही हलवत. आता वाटतंय— भीती— तिचीच, लोर्ना, आपल्या रोंडाची— ती धक्क्यावर आली— हात पसरलेत— माझा हात थर