डोळ्यामागची गाठ आणि दाराची चौकट

आदरणीय माजी भागीदार मिस्त्री यांस,

साष्टांग नव्हे (कंबर वाकत नाही), परंतु मनःपूर्वक नमस्कार. येथे सर्व क्षेम. आपल्या गुडघ्यांचे कुशल कळवावे. पत्र चौथी उत्तीर्ण माणसाने स्वहस्ते लिहिले आहे. चूक आढळल्यास ती शाईची समजावी.

दीड वर्षापूर्वी आपण माझ्या दाराची चौकट बसविलीत व मी ती तिरपी ठरविली, हे आपणांस स्मरत असेल. आपण पाणसळ लावून तिचा बुडबुडा मधोमध दाखविलात. मी पाणसळीलाच खोटे पाडले. आपण हत्यारे गोळा करून निघून गेलात आणि मी आपल्या दोघांचा दुकानातला फोटो भिंतीवरून उतरवून आपल्या घरी परत धाडला. मग मी स्वतः चौकट उकलून सरळ केली. तेव्हापासून दार लागत नाही. आमच्या सौ. रोज ते गुडघ्याने ढकलतात व माझ्याकडे पाहतात. (बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरे.)

पुढे चष्म्याची उजवी काच पापणीला घासू लागली. चष्मेवाल्याशी मी चार वेळा भांडलो, पकडीने काडी वाकविली, चष्मा मोडला. शेवटी तो म्हणाला, "काका, चष्मा सरळच आहे, डोळा पुढे आलाय. दवाखान्यात जा, माझा जीव सोडा!"

डॉक्टरीणबाई आपल्या नातीएवढ्या, परंतु माप घेण्यात उस्ताद. डोळ्यांच्या कडेच्या हाडावर पट्टी टेकवून म्हणाल्या, उजवा डोळा तीन मिलिमीटर पुढे, दोन खाली. (एवढ्या फरकासाठी आपण कैक फळ्या परत पाठविल्या आहेत.) मशीनच्या चित्रात खोबणीच्या वरच्या कोपऱ्यात, अश्रूंच्या ग्रंथीत, गोल गाठ दिसली. अशा गाठी क्वचितच होतात म्हणे. हाड कुरतडलेले नाही, नुसते दबले आहे, म्हणून गाठ साधी असावी. मात्र ती टोचून पाहायची नसते, अख्खीच काढायची. "आजोबा, समोरून काढलेला जुना फोटो आहे का? डोळा तेव्हाही पुढे असेल, तर गाठ सावकाश वाढतेय. सावकाश वाढणारी बरी."

मी विचारले, या गाठीपायी चौकटीची आडवी पट्टी दुहेरी दिसते काय?

"दिसणारच. तिरपीसुद्धा."



सबब, चौकट सरळ होती. हे वाक्य तीनदा खोडले, चौथ्यांदा ठेवले.

शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी आहे. मला भीती वाटत नाही.

आपला,
(भागीदार हा शब्द अजून चालत असल्यास तो येथे वाचावा)

ता. क. सदर फोटो घेऊन बुधवारपर्यंत समक्ष यावे. टपालाने पाठवू नये, काच फुटेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटविण्यापूर्वी सौ.नी पत्र वाचले व खरे लिहा म्हणून बजावले. मुलीच्या लग्नातला फोटो डॉक्टरीणबाईंना सोमवारीच दिला आहे. आठ वर्षांपूर्वीही डोळा पुढेच होता. बाई तो पाहून हसल्या. तेव्हा आपल्या फोटोची गरज नाही.

भीती वाटते. तू ये. दार उघडेच आहे, लागतच नाही.